एक काळा मोजा

ग्युमरीत, काळ्या दगडाच्या त्या आर्मेनियन गावात,
नाझेली मोज्यांच्या कारखान्यात टाके तपासते.
दिवसाला सहाशे टाचा, सहाशे चवडे,
सुटलेला टाका दिसला की मोजा टोपलीत.
डोळा असा तयार झालाय
की घरी पावावरचा तीळही तिला
एका बाजूने चेपलेला दिसतो.

मुलगा क्रास्नोदारला गेला, भिंतींना गिलावा करायला.
कपाटात त्याचा कॅमेरा राहिला,
त्याची लेन्स दोन हात लांब राहा म्हणणारी,
जवळ गेलं की नुसतं धुकं.
दुकानात तिनं मॅक्रो लेन्सची किंमत विचारली.
पोऱ्यानं आकडा सांगितला.
तिनं तो मनातल्या मनात पगारानं भागला
आणि बाहेर पडताना दार हलकेच ओढून घेतलं.

रविवारच्या जुन्या बाजारात वाघिनाक बसतो,
नळाच्या तोट्या, बिल्ले, कान तुटलेले कप मांडून.
त्यानं एक सोविएत लेन्स काढली,
काचेच्या कडेला बुरशीचं जाळं. दोन हजार द्राम.
"माझ्या कॅमेऱ्याला बसणार नाही ही."
"सुलटी नाहीच बसणार. उलटी धर.
एवढं मोठं जग जी लहान करून आत घेते
ती पालथी केल्यावर लहानाचं काय करेल,
तूच सांग."

हातानं धरली तर फटीतून उजेड शिरे,
चित्र दुधाळ.
मग चिप्सचा रिकामा डबा, चार बोटं कापलेला,
आतून काळा कागद,
एका टोकाला कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं झाकण, मधोमध कोरलेलं,
दुसऱ्या टोकाला उलटी लेन्स,
आणि सगळ्या सांध्यांवर, चवडा कापून, घट्ट ओढलेला
टोपलीतला एक काळा मोजा.

आता रिंग फिरवायची नाही. आपणच सरकायचं,
तांदळाएवढं पुढे, तांदळाएवढं मागे.
श्वास सोडून झाला, पुढचा घ्यायचाय,
त्या मधल्या रिकाम्या जागेत बटण.
उजेडाला खिडकी, आणि पलीकडून
दह्याच्या डब्याचं चंदेरी झाकण,
चाटून पुसलेलं, वहीला टेकवून उभं.
चाळीस फोटोंतले एकोणचाळीस धूसर.
चाळिसाव्यात गांधीलमाशीचा डावा डोळा.
फक्त डावा. उजवा धुक्यात गेलेला.
तिनं तो टोपलीत टाकला नाही.

मग ती उंबऱ्यापाशी पालथी झाली.
पायरीचा दगड भूकंपात पडलेल्या शाळेचा,
सासऱ्यानं ढकलगाडीवरून आणलेला.
त्यावर नारिंगी ठिपका, कोटाच्या बटणाएवढा,
आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा
कुणी लांबचा नातलग.
इतकी वर्षं ती त्यावर बूट झटकत आली.
आता पाहिलं तर वाट्या. शेकडो वाट्या,
काठ उचललेल्या,
पंगत मांडून कुणी वाढायलाच विसरल्यासारख्या.
गुडघे दुखताहेत हे तिला
दुखायचे थांबल्यावर कळलं.

रात्री मुलाला फोटो पाठवला.
"कुठला ग्रह आहे हा?"
"बूट पुसून ये," ती म्हणाली.

सोमवारी टोपली मोजली गेली.
बाद मोजे एकेचाळीस हवेत,
वार्सेनिकबाईंच्या हाती चाळीस.
"आणि गेला तोही एकच? कोण लंगडा भेटला?"
नाझेलीनं हात वर केला, सांगितलं काहीच नाही.
पगारातून साठ द्राम कापले,
म्हणजे लेन्स दोन हजार साठला पडली
आणि चिप्स कुणीतरी खाल्लेलेच होते.
कारणाच्या रकान्यात वार्सेनिकबाईंनी लिहिलं, हरवला.
नाझेलीनं सही करायला वही जवळ ओढली,
आणखी जवळ,
तांदळाएवढी मागे.
शेवटच्या अक्षराच्या पोटात शाई किंचित फुटली होती,
कागदाच्या धाग्याधाग्यानं
मुळं सोडत.